वाढत्या अंगाचा ड्रेस

आमच्या घरात कुठलीच वस्तू उघड्या अंगाने राहू शकत नव्हती. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर खिसेवालं कव्हर आणि फ्रिजच्या दांड्याला वेगळी बाही. टेलिफोनला झालर. गॅसच्या सिलिंडरला तर चक्क फ्रॉक होता, इलॅस्टिकवाला. सिलिंडर घेऊन येणारा माणूस दर वेळी त्या फ्रॉकपाशी थबकायचा आणि विचारायचा, "भाभी, ये निकालू क्या?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई मात्र पुढे होऊन कौतुकाने तो फ्रॉक उतरवून द्यायची आणि भरलेला सिलिंडर जागेवर बसला की त्याला परत घालायची, वर घडी नीट करायची.

बरं, हे सगळं एकाच रंगाचं! बाबा तळोज्याला एका केमिकल कंपनीत होते. कंपनी दर वर्षी युनिफॉर्मचं कापड द्यायची, राखाडी-निळं, जाडजूड, बापजन्मात न फाटणारं. बाबा अंगाने काटकुळे, त्यामुळे त्यांच्या शर्टपँटमधून कापड उरायचंच. ते उरलेलं आईच्या हाती लागलं की संपलं. आमचा सोफा, आमच्या उशा, माझी शाळेची शबनम, भाजीची पिशवी, सगळे कंपनीच्या कामगारांसारखे दिसायचे. बाबा शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच सोफ्यावर टेकले की लांबून नुसतं डोकं आणि पंजे दिसायचे. "आपलं घरसुद्धा ड्युटीवर असतं," ते म्हणायचे. तक्रार म्हणून नाही हं. बाबा कशाचीच तक्रार करत नसत, आणि माझ्या मते घराचं वाटोळं तिथूनच सुरू झालं.

आम्ही तेव्हा खांदेश्वरजवळ नव्या सोसायटीत राहायचो. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आजूबाजूला अर्धवट इमारती, मोकळे प्लॉट, गुडघाभर गवत. मुंबईतून, कोकणातून, देशावरून उचलून आणलेली माणसं एकेका मजल्यावर येऊन पडली होती आणि दुपारी बायकांना करायला काही नव्हतं. तेवढ्यात सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत कुणीतरी शिवणक्लास काढला. आईने नाव घातलं. बाबांच्या दिवाळी बोनसातून पायाचं मशीन आलं आणि खिडकीखाली, जिथे माझं अभ्यासाचं टेबल होतं, तिथे ते ठेवलं गेलं. माझं टेबल गेलं बाल्कनीत. मी तेव्हा सातवीत होते.

क्लासच्या बाई फार शिस्तीच्या होत्या. सोप्याकडून अवघडाकडे जायचं, मधली पायरी गाळायची नाही. आधी नुसत्या कागदावर दोरा न घालता सरळ टिपा मारायच्या. मग रुमाल, मग उशीचा अभ्रा, मग पिशवी. मग एप्रन, झबलं, परकर, पायजमा, फ्रॉक, ब्लाऊज. आणि सगळ्यात शेवटी पंजाबी ड्रेस, ज्याचा त्याने स्वतःच्या मापाचा शिवायचा. तो बसला की क्लास संपला.

बाईंचं ठीक होतं हो, त्या शिकवून घरी जायच्या. प्रत्येक पायरी भोगायची आम्ही. रुमालाच्या महिन्यात घरात इतके रुमाल झाले की आईने डब्याला, बरणीला, रिमोटला सगळ्यांना रुमाल बांधला. अभ्र्याच्या महिन्यात उशा संपल्या, तर तिने जुन्या चादरी कोंबून नव्या उशा केल्या, का तर अभ्रे वाया जाऊ नयेत. झबल्याच्या वेळी घरात बाळ नव्हतं. मग सोसायटीत कुणाला दिवस गेलेत याची चौकशी सुरू झाली. एका बाईंना अजून नक्की माहीत नव्हतं, त्यांच्या आधी आईला संशय आला!

पायजमा बाबांच्या वाट्याला आला. आईने कापड दुहेरी न घालता दोन्ही पाय एकामागून एक कापले, त्यामुळे दोन्ही एकाच बाजूचे निघाले. ते तसेच जोडले. एक पाय सरळ जायचा आणि दुसरा आत वळायचा. वर नेफ्याला नाडा घालायला भोकच ठेवलं नव्हतं. बाबांनी तो पायजमा हातात धरून सगळ्या बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "चांगलाय की." मग कात्रीने स्वतःच भोक पाडलं, आणि पुढे कित्येक दिवस घरात जरा तिरके तिरके चालत होते.

ब्लाऊजची पाळी आजीवर आली. आजी, म्हणजे बाबांची आई, आमच्याकडेच असायची. मूळची साताऱ्याकडची, नऊवारीतली, आवाज खणखणीत. आईने तिला ब्लाऊज शिवला आणि मुंढ्यात इतका आवळला की देवापुढे आरती ओवाळायला आजीने हात वर केला तो तिथेच राहिला. "अगं बया, सुनबाई, हात खाली येईना की!" आजी तबक धरून उभी. आईने धावत जाऊन तबक काढून घेतलं आणि मी हसून हसून जमिनीवर बसले. आजी चिडली नाही. उलट म्हणाली, "असू दे. निदान अंगाबरोबर तरी बसलाय."

हे वाक्य माझ्या काळजाला लागलं, कारण अंगाबरोबर बसणारा कपडा मला उभ्या आयुष्यात मिळालेला नव्हता.

माझे सगळे कपडे 'वाढत्या अंगाचे' असायचे. आई शिवायला शिकण्याच्या आधी हे ती टेलरला सांगायची, "भाऊ, जरा सैलच ठेवा, वाढतं अंग आहे." शिकल्यावर सांगायला कुणी लागलंच नाही. बाही मनगटाच्या पुढे, खांदा दंडावर, कमर बरगडीपाशी नाहीतर मांडीपाशी, मधे कुठेच नाही. स्कर्टच्या घेराला आत तीन दुमड्या घातलेल्या. दर जूनमध्ये, मी वाढले की नाही ते न बघता, आई एक दुमड उसवायची. दुमडीखालचं कापड उन्हात नसल्यामुळे गडदच राहिलेलं असायचं, त्यामुळे माझ्या निळ्या स्कर्टवर दर वर्षी एक गडद पट्टा वाढायचा. वर्गातल्या मुली ते पट्टे मोजून मी कितवीपासून तो स्कर्ट घालतेय ते सांगायच्या.

आणि वैताग म्हणजे मी वाढतच नव्हते! आईने वाढत्या अंगाचं शिवायचं आणि माझ्या अंगाने काही मनावर घ्यायचं नाही. कपडा अंगाला बसायच्या आधी विटायचा. मग पुढचा कपडा, तोही सैल. नवं काही घालून बाहेर पडले की हमखास कुणीतरी विचारायचं, "ताईचा का गं?"

"मला ताई नाही," मी सांगायचे. एकुलती एक मी. कुणाचं उतरलेलं कधी घातलं नाही, सगळं नवंकोरं, माझ्यासाठी शिवलेलं. तरी जन्मभर ताईचे कपडे घातल्यासारखी फिरले. आता बोला!

दहावीचं वर्ष आलं. प्रिलिम संपली की शाळेत निरोप समारंभ असायचा. आमच्या वर्गातल्या मुलींनी ठरवलं, साडी नाही. साडी म्हणजे काकूबाई. सगळ्यांनी पंजाबी ड्रेस घालायचा, युनिफॉर्मशिवाय शाळेत एकदाच जायला मिळतंय तर मापातला, चांगला, चुडीदारवाला. मी वाशीच्या एका दुकानात काचेआड एक ड्रेस बघून ठेवला होता. आकाशी रंगाचा, कमरेत बसणारा, बाही अगदी आखूड. मला दुसरं काही नको होतं. बक्षीस नको, मार्कसुद्धा थोडे कमी चालले असते. फक्त त्या एका दिवशी कुणी "ताईचा का गं" विचारू नये, एवढंच हवं होतं. हे मी आईला सांगितलं. बाबांना सांगितलं. आजीलाही सांगितलं, कारण कधी कुणाचा वशिला लागेल सांगता येत नाही.

"रेडीमेड कशाला?" आई म्हणाली. "त्यांची शिलाई बघितलीस का आतून? एका धुण्यात उसवतं. मी शिवते ना."

"आई, तू ड्रेस कधी शिवला नाहीस."

हे खरं होतं. आईने शिवणक्लास ब्लाऊजपाशीच सोडला होता. बाकीच्या बायकांनी शेवटचा धडा पुरा केला, स्वतःच्या मापाचे ड्रेस शिवले, घातले, आणि तशाच भाजी आणायला गेल्या. तेव्हा आमच्याकडे ते एक मोठं प्रकरणच होतं. कुठल्या मजल्यावरच्या कुठल्या बाईने साडी सोडून ड्रेस घातला, याची बातमी लिफ्ट नसलेल्या इमारतीत लिफ्टपेक्षा जोरात वर जायची. आई म्हणायची, "मला कुठे घालायचाय? शिवून काय करू?" आजीचा नियम साधा होता, आमच्यात लेकी ड्रेस घालतात, सुना नाही. भांडण नाही, आवाज नाही, फक्त नियम. आई घरात गाऊन घालायची आणि बेल वाजली की खांद्यावर टॉवेल टाकून दार उघडायची. क्लासमध्ये शेजारच्या जुन्या खांदा गावातली एक मावशी यायची, तोंडाने फटकळ. ती एकदा आमच्या घरी बसून आईला म्हणाली होती, "तू घाल की गो. ड्रेस घातलास त काय आभाल पडनार हाय?" आईने आजीच्या खोलीकडे बघितलं आणि मावशीला अजून एक चहा दिला.

तर ड्रेस आई शिवणार हे ठरलं. कापड आणायला ती पनवेलच्या बाजारात एकटीच गेली, कारण मला शिकवणीचा क्लास होता. आली ती डाळिंबी रंगाचं सुती कापड घेऊन. वर काळी, बारीक बुट्ट्यांची ओढणी.

"आई! आकाशी सांगितलं होतं मी!"

"आकाशी मळतं. आणि हा बघ किती गोड आहे, हात लावून बघ." तिने कापड स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि कपाटाच्या आरशात बघितलं. "उठून दिसेल."

"मला डाळिंबी आवडत नाही. डाळिंबी तुला आवडतो."

"आवडेल, आवडेल." आईला माझ्या आवडीचा फार भरवसा होता, फक्त ती माझ्याकडे असते यावर विश्वास नव्हता.

मग माप. माझी प्रिलिम तोंडावर. मी बाल्कनीत बीजगणित घेऊन बसलेली आणि आई दर पाच मिनिटांनी टेप गळ्यात घालून दारात. उभी राहा. हात वर कर. श्वास सोड. श्वास सोडलास की धरलास? एक बाजू मापून झाली की कुकरची शिट्टी, मग ती आकडा विसरायची, मग पुन्हा उभी राहा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, प्लीज! मला अभ्यास करू दे. तुझंच माप घे नाहीतर. सगळे म्हणतातच ना आपली अंगकाठी एक आहे!"

हे मी वैतागून बोलले. वैतागून बोललेलं कुणी शब्दशः घेतं का? आई घेते.

तिने स्वतःचं माप घेतलं. स्वतःची पाठ स्वतःला मापता येत नाही, म्हणून आजीला बोलावलं. मी बाल्कनीतून बघत होते. आजीने एका हाताने चष्मा धरलेला, दुसऱ्या हाताने आईच्या मानेपाशी टेपचं टोक दाबून धरलेलं. "हितं का? खाली घेऊ?" दोघींचं फार मन लावून चाललं होतं. नातीच्या ड्रेसचं माप सुनेच्या पाठीवर.

आता यातला हिशेब ऐका, कारण यावर आमचं आजही एकमत नाही. आईचं म्हणणं असं, की मी तिच्यापेक्षा बारीक, म्हणून तिने सगळीकडे दोन बोटं कमी केली. बरोबर. इथे थांबायचं ना! पण मग तिच्या लक्षात आलं, की अंग वाढतं आहे. म्हणून सगळीकडे दोन बोटं वाढवली. झालं! दोन बोटं गेली, दोन बोटं आली, आणि कात्री चालली ती नेमकी तिच्याच मापावर. हे तिला कापताना कळलं नाही, शिवताना कळलं नाही. मला विचाराल तर कळायला हवं होतं.

मला मात्र ती अधूनमधून बोलवायची. बाह्या जोडायच्या आधी ये, गळा बघायला ये. मी प्रत्येक वेळी "पेपर झाल्यावर" म्हणायचे. शेवटी ती गळा स्वतःला लावून बघायची, साडीवरूनच, आरशासमोर, हनुवटी वर करून. बाही कोपरापर्यंत ठेवली, कारण तिला तेवढीच बरी वाटली. पाठीला पट्टी, बाजूला कट, सलवारला भरपूर चुण्या. चुडीदार सांगितला होता मी. "चुडीदारात बसता उठता येत नाही," ती म्हणाली. मी दहावीची मुलगी, मला कुठे भाकऱ्या थापायच्या होत्या? पण बोलायचं कुणाशी? मशीनच्या आवाजात तिला ऐकूच यायचं नाही.

एवढं मात्र सांगते, काम तिने फार सुंदर केलं. पायजम्याची बाई ही नव्हतीच. हातशिलाईचा एक टाका बाहेरून दिसत नव्हता. गळ्याला काळा गोट इतका बारीक आणि सारखा, की मी मुद्दाम खोट काढायला जवळ नेऊन बघितला तरी एकही सापडली नाही. म्हणूनच जास्त संताप येतो. वाईट शिवला असता तर निदान नीट चिडता आलं असतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी ड्रेस इस्त्री करून पलंगावर मांडून ठेवला होता. मी न्हाऊन आले आणि घातला.

गळा एका खांद्यावरून घसरला. तो सावरला तर दुसरीकडून घसरला. बाही कोपर ओलांडून पार खाली आली. कमरेत हवा खेळत होती. सलवारच्या चुण्या पोटाशी गोळा होऊन गाठोडं झालं होतं. मी आरशात बघितलं आणि मला ती दिसली, जिचे कपडे मी जन्मभर घालत आले होते, ती माझी न झालेली ताई. हा तिचाच ड्रेस होता.

"थांब, थांब, दोन टिपा मारते बाजूने," आई म्हणाली. तोंडात टाचण्या, हातात खडू.

"टिपा कुठे मारशील? गळा कापलाय तू! कापलेला गळा लहान होतो का?"

नाही होत. बाजू आत घेता येतात, उंची दुमडता येते, पण गळा एकदा कापला की कापला. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिने टाचण्या तोंडातून काढल्या. मला रडू फुटलं. मी तो ड्रेस ओरबाडून काढला, पलंगावर फेकला आणि ओरडले, "मी नाही जात निरोपाला! एक दिवस मागितला होता, एक! यात मी आणि अजून एक मुलगी मावेल. तुझ्या मापाचा शिवलायस, तूच घाल!"

आईने ड्रेस उचलला, उलटा झाला होता तो सुलटा केला आणि हातावर टाकून उभी राहिली. बाबा पेपरामागून म्हणाले, "चांगलाय की," आणि पहिल्यांदाच त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं.

आजी उठली. "रडतीस कशापायी? साडी नेसव गं तिला, सुनबाई."

"साडी काकूबाई दिसते!" मी किंचाळले.

"मग मी कोण दिसते?" आजी म्हणाली.

आईने कपाट उघडलं आणि खालून एक साडी काढली. आकाशी. मऊसूत, बारीक जरीची. तिच्याकडे आकाशी साडी आहे हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मळते म्हणून ती कधी नेसलीच नव्हती. ब्लाऊज अर्थात सैल. आईने मला तो घालायला लावला आणि सुई घेऊन अंगावरच दोन्ही बाजूंनी धावदोरा घालायला लागली. "अंगावर शिवू नये गं!" म्हणत आजीने बाल्कनीतून तुळशीचं पान आणून माझ्या तोंडात कोंबलं. पानाने काय होतं ते मला विचारता आलं नाही, तोंडात पान होतं. सुई एकदाही लागली नाही. निऱ्या घातल्या, पिना लावल्या, पदर खांद्यावर बसवला. आई गुडघ्यांवर बसून निऱ्यांचं टोक खाली ओढत होती आणि मी अजून हुंदके देत होते.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. ब्लाऊज अंगाबरोबर बसला होता. खांदा खांद्यावर, कमर कमरेवर. मी इतकी चिडले होते की बरं वाटतंय हे कबूल करायला तयार नव्हते. पाय आपटत बाहेर पडले. म्हणजे आपटायचे होते, साडीत पाय आपटताही येत नाहीत.

शाळेत व्हायचं तेच झालं. सगळ्या ड्रेसमध्ये, मी एकटी साडीत. आधी मुली हसल्या. मग एकेक जवळ आली, पदराला हात लावून गेली. पिना कुणी लावल्या, निऱ्या इतक्या सारख्या कशा, ब्लाऊज कुठे शिवलास. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांच्या ओढण्या चुरगळल्या, एकीच्या रेडीमेड चुडीदाराची शिवण बसता बसता उसवली आणि ती पर्स मागे धरून फिरत होती. आईने सांगितलेलं खरं ठरतंय हे बघून मला अजूनच राग आला. भाषणं झाली, समोसे झाले, रडारड झाली. आणि खरं सांगायचं तर त्या अख्ख्या दिवसात मला कुणीही विचारलं नाही, ताईचं का गं.

समारंभ सुटला तेव्हा तळोज्याच्या कारखान्यांकडून तो नेहमीचा आंबूस वास येऊ लागला होता. फाटकाबाहेर पालकांची गर्दी. अंधार पडायच्या आत न्यायला येते, असं आई म्हणाली होती. मी तिची साडी शोधत होते, घरातली तपकिरी नाहीतर बाहेरची हिरवी. दोन्ही दिसेनात. उशीर करायचीच ती, मी मनात म्हटलं, मशीनवर बसली असेल.

वर्गातली एक मुलगी माझ्या आधी फाटकाशी पोचली होती. तिने वळून मला हाक मारली, "अगं चल, तुझी ताई आलीय बघ न्यायला!"

"मला ताई..." मी म्हणायला गेले आणि थांबले.

फाटकाच्या खांबाशी, गर्दीपासून जरा लांब, पाठमोरी एक बाई उभी होती. डाळिंबी ड्रेस, काळी ओढणी, दोन्ही खांद्यांवर पिना लावून नीट बसवलेली. गळा गळ्यावर, बाही कोपरावर, कमर कमरेवर. कुठे एक चुणी जास्त नाही. ती वळली तर आई! चेहरा लालबुंद, एका हाताने ओढणीचं टोक पिळत उभी, चोरी करताना सापडल्यासारखी.

"हो," मी त्या मुलीला म्हटलं, "आलीय."

आई घाईघाईने बोलायला लागली, मी काही विचारायच्या आधीच. "वाया जाईल म्हटलं. एवढं कापड. आणि तूच म्हणालीस ना."

पुन्हा शब्दशः! "आजी?" मी विचारलं.

"त्यांना म्हटलं, माप बघायला घातलाय."

"शाळेपर्यंत?"

"मग? चालून बघायला नको का?" आईने ओढणी सोडली. "त्या रागावल्या नाहीत. मागून फिरून बघितलं फक्त. म्हणाल्या, पाठीचं माप मी धरलं होतं, बरोबर बसलंय." मग तिने खाली बघून कमरेपाशी चिमटीत कापड धरलं आणि लगेच तिच्यातली शिवणवाली बोलली, "इथे किंचित सैल आहे, नाही?"

"मुळीच सैल नाही. मापात आहे."

"आत दाबून ठेवलंय थोडं. असू दे. वाढत्या अंगाला बरं."

"आई! चाळिशी आली तुझी!"

"मग काय झालं?" ती म्हणाली आणि चालायला लागली.

आणि चालली कशी! आईला अशी मी कधी बघितलीच नव्हती. साडीत ती निऱ्या सांभाळत, बेताने पाऊल टाकत यायची, मला वाटायचं तिची चालच तशी आहे. आता सलवारीत तिचे पाय लांब लांब पडत होते. रस्त्यावरचा खड्डा तिने वळसा न घालता सरळ ओलांडला. मोकळ्या प्लॉटच्या कडेने ओढणी मागे उडवत ती भराभर पुढे निघाली आणि मी मागे, एका हातात पदर, दुसऱ्या हातात निऱ्या, पायात पाय.

"आई, अगं थांब ना! हळू चाल! साडीत चालता येत नाहीये मला!"

"होते सवय," ती मागे न बघता म्हणाली, आणि चालतच राहिली.